बोलिंग क्लबातली पंगत

ग्लासगो, ९ एप्रिल २०२४

ती. काका,
सविनय जय भीम.

तुमचा सुहास म्हणाला, तुम्ही नवं कानाचं मशीनही ड्रॉवरमध्ये टाकून दिलंत. म्हणजे मी फोनवर ओरडायचं आणि तुम्ही नुसतं "हो हो" म्हणायचं, हा प्रकार एकदाचा संपला. बरं झालं. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येत नाही.

रिटायर झाल्यावर मी काय करणार, असं तुम्ही दिवाळीत विचारलं होतंत. ऐका. तीस वर्षं डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून मी या वस्तीत घरोघरी जाऊन लोकांच्या पायाच्या जखमा बांधल्या, बहुतेक सगळ्या डायबेटिसच्या. आमच्या रस्त्यावर दुकानं चार. एक चिप शॉप, एक दारूचं ऑफ-लायसन्स, दोन बेटिंगची. भाजी एकाही दुकानात नाही. सुपरमार्केटला जायचं तर दोन बस, त्यातली एक गेल्या वर्षी बंद झाली. एक कोबी आणायला अर्धा दिवस मोडतो. माझा एक पेशंट होता, बेचाळीस वर्षांचा. दर आठवड्याला मी त्याला भाज्या खा म्हणायचे, आणि तो म्हणायचा, "कुठून आणू?" त्याचा पाय कापावा लागला, पण या प्रश्नाचं उत्तर मला कधी देता आलं नाही.

आता उत्तर मिळेल असं वाटतंय. कोपऱ्यावर जुना बोलिंग क्लब आहे. गालिच्यासारखं गवत, त्यावर म्हातारी माणसं काळे बॉल घरंगळवायची. सभासद एकेक करून गेले, आता तिघं उरलेत. जागा कौन्सिलची आहे. कौन्सिल म्हणते, जानेवारीअखेर वस्तीतले दोनशे प्रौढ सभासद दाखवा, जागा वस्तीला देतो. नाहीतर कार पार्कसाठी विकतो. तोवर किल्ली आमच्याकडे. दर गुरुवारी भाजीचा स्टॉल आणि गरम जेवण. पुढे वाफे घालायचे, म्हाताऱ्यांना फिरायला वाट करायची. एकसष्टी झाली माझी, काका. हे हातचं गेलं तर पुन्हा काही उभं करायची उमेद माझ्यात राहणार नाही.

उद्घाटन चौदा एप्रिललाच ठेवलंय. काल शशिधरने आणि मी गेट रंगवलं, निळंशार. वर पताकाही निळ्या. पूर्ण रस्त्यावर उठून दिसतंय.

तुमची
धम्मशीला


रीडिंग, २० एप्रिल २०२४

चि. धम्मशीला,
सप्रेम जय भीम.

मशीन ड्रॉवरमध्ये नाही, रद्दीत आहे. त्यातून सुनेचा मिक्सर ऐकू यायचा आणि सून ऐकू यायची नाही. असलं यंत्र ठेवून काय पूजा करायची?

गेटचं वाचून छाती फुगली. जेवणाचं वाचून मात्र कपाळाला आठी पडली. इथल्या चर्चमध्ये फूड बँक आहे, मी एकदा जाऊन बघून आलो. मध्ये टेबल. अलीकडे देणारे, हसतमुख. पलीकडे घेणारे, जमिनीकडे बघत. टेबलाच्या त्या दोन बाजू बघितल्या आणि मी उलट्या पावली परतलो. बाबासाहेबांनी आपल्याला हात पसरायला शिकवलं नाही, आणि दुसऱ्याला पसरायला लावायलाही शिकवलं नाही.

करायचंच असेल तर एक नियम कर. जो जेवेल त्याने आधी कामाला हात लावायचा. मग तो पाहुणा नाही आणि लाचारही नाही. जावईबापूंना आशीर्वाद. त्यांचा ब्रश चांगला चालतो असं दिसतंय, घरी सिंकमधल्या भांड्यांवरही चालू दे.

तुझा
दादासाहेब काका


ग्लासगो, ७ जून २०२४

ती. काका,
जय भीम.

तुमचा नियम शब्दशः पाळला. टेबलाला दुसरी बाजूच ठेवली नाही. आलेल्या प्रत्येकाने सुरी घ्यायची, एक तरी गाजर चिरायचं, मग सगळ्यांनी एका लांब टेबलाशी बसून जेवायचं. नियम फक्कड आहे. चिरायला माणसंच नाहीत, एवढीच अडचण.

उद्घाटनाला चौदा जण आले. त्यातले अकरा आपलेच, विहारातले. त्यातली सुप्रभा तर बिचारी एडिनबराहून ट्रेनने आली. पुढच्या गुरुवारी नऊ. नंतर सहा. उरलेली डाळ आम्ही तीन-तीन दिवस खातोय, शशिधरला आता पातेलं दिसलं तरी ताप भरतो. ज्या बायकांनी माझ्याकडून वीस-वीस वर्षं इंजेक्शनं घेतली, त्या लांबून हात करतात आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातात. सभासद सव्वीस. दोनशे कुठून आणू?

शेवटी आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या मोरागला पकडलं आणि म्हटलं, माझं काय चुकलं ते सांगितल्याशिवाय सोडत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "धम्मा, तू गेट त्यांच्या रंगात रंगवलंस, वर त्यांच्या रंगाचे झेंडे लावलेस, आणि आम्ही आत यावं म्हणतेस?"

काका, या गावात फुटबॉलचे दोन क्लब आहेत, एकाचा रंग निळा, एकाचा हिरवा. प्रकरण नुसतं फुटबॉलचं नाही. त्याच्या मागे प्रोटेस्टंट आणि कॅथलिक असे दोन पंथ आहेत, कुणाच्या आजोबाला आडनाव ऐकून कुणी कामावर घेतलं नाही ते आहे, शाळा वेगळ्या, पब वेगळे. आमची वस्ती जवळजवळ सगळी हिरव्यांची. मोराग म्हणाली, इथे माणूस आधी दाराचा रंग बघतो आणि मग पाय उचलतो.

एकतीस वर्षं मी या गावात राहते. मॅच असेल त्या दिवशी कुठल्या रस्त्याने जायचं नाही हे मला पाठ आहे. तरी गेट रंगवताना एकदाही डोक्यात आलं नाही. आपला निळा तो आपला, त्याचा दुसऱ्या कुणाशी संबंधच असू शकत नाही, असं धरून चालले. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आता काय करू, सांगा.

धम्मशीला


रीडिंग, १५ जून २०२४

चि. धम्मशीला,
जय भीम.

ब्रशला हात लावायचा नाही.

निळा झेंडा घेऊन मिरवणूक वेशीतून नेली म्हणून माझ्या बापाचं डोकं फुटलं होतं. टाके घातलेलं डोकं घेऊन तो दुसऱ्या वर्षी पुन्हा तिथूनच गेला. त्या रंगाला कुणाच्या फुटबॉलने बाटवायचं? लोकांना समजावून सांग. पत्रकं छाप, घरोघर वाट. तीस वर्षं तू लोकांना सुया टोचल्यास, त्यापेक्षा हे काही अवघड नाही.

आणि रंग बदललासच, तर मला कळवायची तसदी घेऊ नकोस.

दादासाहेब


ग्लासगो, २८ सप्टेंबर २०२४

ती. काका,
सविनय जय भीम.

पत्राला उशीर झाला, कारण हात रिकामा नाही. लोक यायला लागलेत. आणि नुसते येत नाहीत, लोटतात. गेल्या गुरुवारी चिरायला सुऱ्या कमी पडल्या तेव्हा मोरागने घरून आणल्या. सभासद एकशे एक्केचाळीस.

मसुराची डाळ तर अशी खपते की बोलायची सोय नाही. इथे मसुराचं सूप घराघरात होतं, त्यामुळे जिरं-लसणाची फोडणी दिलेली आपली डाळ त्यांना आपल्याच आजीची वाटते. कोबीला मात्र आधी नाकं मुरडली. जन्मभर उकडून पांढरा केलेला कोबी खाल्लेली माणसं ती. मोहरी-हिरव्या मिरचीवर परतलेला खाऊन एक आजीबाई म्हणाल्या, माझ्या आईने ही भाजी सत्तर वर्षं माझ्यापासून लपवून का ठेवली? स्टॉलवरची भाजी दुपारी दोनपर्यंत संपते.

एकच काटा आहे. टॅम. उरलेल्या तीन सभासदांपैकी एक, वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं त्याने ते गवत कापलंय, लहान मुलाचे केस कापावेत तसं. आम्ही तिथे खणून बटाटे लावणार असं त्याच्या मनाने घेतलंय. त्याने कौन्सिलला विरोधाचं पत्र दिलं आहे, आणि क्लबच्या जुन्या सभासदाच्या शब्दाला तिथे वजन आहे. तो रोज येतो, बाकावर बसतो आणि आमच्याकडे पाठ करून गवताकडे बघतो. जेवायला बोलावलं तर ऐकू न आल्यासारखं करतो. तुमची आठवण येते.

धम्मशीला


रीडिंग, १६ ऑक्टोबर २०२४

चि. धम्मशीला,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

बघ. मी काय म्हटलं होतं? माणूस आपल्या जागी घट्ट उभा राहिला की लोक वळसा घालून का होईना, त्याच्याकडे येतात. परवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथल्या विहारात मी तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, आमच्या पुतणीने परक्या गावात निळं गेट राखलं आणि त्याच गेटातून दीडशे माणसं आत घेतली. बेसिंगस्टोकहून आलेल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना फोटो हवाय. गेटपाशी उभी राहून एक काढ आणि लगेच पाठव, मी मोठा करून लावणार आहे.

त्या टॅमला त्रास देऊ नकोस. म्हाताऱ्या माणसाला एखादी जागा आपली असावी लागते.

तुझा अभिमान असलेला
काका


ग्लासगो, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजोबा,
जय भीम.

मी अक्षरा. आईला माहीत नाही मी लिहिते, हे सरप्राइज आहे. माझा मराठी चुकतो, सॉरी. बोलायला येतो पण लिहायला खूप वेळ लागते.

तुम्ही फोटो मागितला. मी आईला चार वेळा म्हटली, पाठव ना. ती म्हणते बिझी आहे. म्हणून मीच काढला. हा आमचा गेट, आणि समोर आई आणि मोराग आंटी. पिवळी रंग किती ब्राइट दिसतो ना? सगळे लोक म्हणतात, हॅपी गेट.

मी शनिवारी फार्मसीत काम करते पण गुरुवारी येऊन कांदा चिरते. खूप रडते. तुम्ही पण या.

तुमची नात
अक्षरा


रीडिंग, १८ नोव्हेंबर २०२४

धम्मशीला,

फोटो मिळाला. रंग छान आहे.

दादासाहेब


ग्लासगो, १ डिसेंबर २०२४

ती. काका,
जय भीम. तुम्ही लिहिलं नाहीत, तरी मी लिहिते.

अक्षराला रागावू नका. तिला काही माहीत नव्हतं. चोर मी आहे.

तुमचं जूनचं पत्र आलं आणि मी पत्रकं छापली. दोनशे घरं फिरले. लोकांनी पत्रकं घेतली, "किती इंटरेस्टिंग" म्हणाले आणि दार लावलं. त्या गुरुवारी चार माणसं आली. शनिवारी मी रंगाच्या दुकानात गेले. मोराग बरोबर होती. हिरवा घेता येईना, मग तिकडचे येणार नाहीत. पांढरा घेतला तर दवाखाना वाटेल. नारंगी हा निळ्यांच्या मिरवणुकांचा, तो तिच्याही लोकांना नको, आणि भगवा वाटेल म्हणून आपल्यालाही नको. उरला पिवळा. शशिधरने ब्रश हातात धरला नाही, आत जाऊन पाठ करून बसला. पहिला हात मारला तेव्हा मला हुंदका आला. मोरागने दुसरा ब्रश घेतला आणि खालून सुरुवात केली.

पुढच्या गुरुवारी एकोणतीस जण आले. त्यात माझा तो पेशंट होता, पाय गेलेला. व्हीलचेअर आत घेतली, गाजर चिरलं, जेवला. जाताना स्टॉलसमोर थांबला आणि म्हणाला, "आता सांग, काय खाऊ?" मी त्याची पिशवी भरली आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

तुम्हाला कळवू नकोस असं तुम्हीच लिहिलं होतंत, ही पळवाट मी वापरली. पण तुम्ही विहारात पत्र वाचून दाखवलंत तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक, आणि तिची मला लाज वाटते. रंग बदलला ही चूक होती का, ते मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही ठरवा. पण बोला माझ्याशी.

टॅमचा विरोध तसाच आहे. सभासद एकशे ऐंशी. सुनावणी चार फेब्रुवारीला.

तुमची
धम्मशीला


रीडिंग, १२ जानेवारी २०२५

चि. धम्मशीला,
सप्रेम जय भीम.

सहा आठवडे लागले. पाच वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. सुहासला वाटलं माझी तब्येत बिघडली. तब्येतीला काही झालेलं नाही. लाज वाटत होती, आणि ती तुझी नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहात्तर साली मी इथे आलो, बिस्किटांच्या कारखान्यात लागलो. हळूहळू मराठी माणसं भेटायला लागली, घरी येणं-जाणं सुरू झालं. कुणी आडनाव विचारलं की मी म्हणायचो, "आम्ही साताऱ्याचे." आणि पाहुणे यायचे असले की समोरच्या खोलीतला बाबासाहेबांचा फोटो उतरवून मी कपाटात ठेवायचो. पाहुणे गेले की तुझी काकू यमुना तो पुसून परत लावायची. असं अकरा वर्षं चाललं. मग एका रविवारी मी फोटोला हात घातला तर ती दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो कपाटात ठेवणार असाल, तर पाहुण्यांना चहाही मी कपाटातच देईन." त्या दिवसापासून फोटो भिंतीवर राहिला. दोन कुटुंबं यायची बंद झाली. आभाळ काही कोसळलं नाही.

बापाने डोकं फोडून घेतलं आणि मी फोटो कपाटात ठेवला. म्हणून तुझ्यावर एवढा ओरडलो. तुझं गेट बघितलं आणि मला माझं कपाट दिसलं. पण गेले सहा आठवडे विचार करतोय, आणि तुला सांगतो, दोन्ही एक नाही. मी लोकांनी आपल्याला बाहेर काढू नये म्हणून लपवलं. तू लोक आत यावेत म्हणून रंगवलंस. माझ्यात भीती होती, तुझ्यात नव्हती. गेट पिवळंच राहू दे.

फक्त एक कर. सोबत पार्सल आहे. तोच फोटो, तीच चौकट. जेवायच्या खोलीत समोरच्या भिंतीवर लाव. कुणी विचारलं तर सगळं सांग, साताऱ्याचं वगैरे काही नको.

इथल्या विहारातही मी उभा राहून खरं सांगितलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण राजश्री नावाची एक डॉक्टर मुलगी नंतर जवळ आली आणि म्हणाली, आमच्या घरीही एक कपाट होतं.

तुझा
काका


ग्लासगो, ६ फेब्रुवारी २०२५

ती. काका,
जय भीम, जय भीम, जय भीम.

जिंकलो. जागा वस्तीची झाली, पंचवीस वर्षांसाठी. आता सविस्तर लिहिते.

पार्सल आलं त्या गुरुवारी फोटो काढून टेबलावर ठेवला आणि खिळा शोधत होते. मोरागने विचारलं, हे कोण? मी सांगितलं. सगळं. तळं, पाणी, शाळेत बाहेर बसवणं, कायदा, आणि निळा रंग कशाचा तेही. चिरणारे हात थांबले होते. मोराग म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस? पत्रकात तर नुसत्या तारखा होत्या." काका, खरंच नुसत्या तारखा होत्या. मीही थोडं कपाटच केलं होतं.

खिळा टॅमने आणला. हो, टॅमने. तो दारात उभा राहून ऐकत होता. सरळ भिंतीपाशी गेला, त्यांच्या क्लबच्या जुन्या टीमचा फोटो थोडा डावीकडे सरकवला आणि शेजारी बाबासाहेबांना लावलं, लेव्हल ठेवून दोनदा तपासलं. मग त्याने मला बाहेर नेलं आणि विचारलं, गवताचं काय करणार? मी नकाशा दाखवला. वाफे फक्त कडेने, लाकडी खोक्यांत. मधलं गवत खणायचं नाही, तिथे माणसं चालतील, खेळतील. तो म्हणाला, मग मला हे कुणी आधी का नाही दाखवलं? या वस्तीतल्या प्रत्येकाला मी काहीतरी सांगायला विसरले होते असं दिसतंय. त्या दिवशी तो पहिल्यांदा टेबलाशी बसला. सलगम चिरलं, आणि आमच्या सुऱ्या बोथट आहेत म्हणून आम्हाला झापलं.

सुनावणीला कौन्सिलचा हॉल भरला. आमचे सभासद दोनशे छत्तीस, त्यातले नव्वद तरी जातीने हजर. कार पार्कवाल्यांचा माणूस कोट घालून, चकचकीत चित्रं घेऊन आला होता. टॅमचं विरोधाचं पत्र अध्यक्षांनी वाचून दाखवलं आणि विचारलं, हे आपलंच ना? त्याने ते मागे घेतलंच नव्हतं. टॅम उठला. म्हणाला, "माझंच. चाळीस वर्षं त्या गवतावर मी बाहेरच्या कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. ते राखलं कुणासाठी, हे मला गेल्या महिन्यात कळलं. ते पत्र फाडा." एवढं बोलून खाली बसला. मग माझा पेशंट बोलला, व्हीलचेअरवरून. तो काय म्हणाला ते मला नीट आठवत नाही, कारण मी रडत होते आणि शशिधरही रडत होता. ठराव एकमताने पास झाला. बाहेर मोरागने मला उचललं, काका. या वयात. शब्दशः उचललं.

चौदा एप्रिलला सोमवार आहे, तरी जेवण त्याच दिवशी ठेवायचं असं वस्तीने ठरवलंय. मी सुचवलंही नव्हतं. तुम्ही यायचं. सुहासने तिकिटं काढलीत, कारणं सांगू नका.

तुमची
धम्मशीला


रीडिंग, २१ एप्रिल २०२५

चि. धम्मशीला,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचलो. ट्रेनमध्ये सुहास झोपला आणि मी खिडकीतून बघत आलो. घरात शिरताच सुनेने विचारलं, काय झालं, चेहरा एवढा उजळलाय? मी म्हटलं, पत्र लिहितो, मग सांगतो.

तिथे पोचल्या पोचल्या तू मला टेबलाच्या मध्यभागी, मानाच्या जागी बसवायला निघालीस, आणि मी हट्ट धरला की मला बसायचं नाही, वाढायचं आहे. तू म्हणालीस, या वयात पळी कशाला धरता, हात दुखेल. तुझ्याशी तिथे भांडत बसलो नाही. कारण आता सांगतो.

गावात लग्न असलं की माझा बाप लाकडं फोडायचा. पाणी तापायचं, भात शिजायचा तो त्याच्या लाकडांवर. पंगती उठल्या की शेवटी आम्हाला बाहेर, उकिरड्याच्या बाजूला बसवायचे आणि वरून पानात टाकायचे. ते तुला ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण वाढणारे असायचे ना, कमरेला पंचा बांधून ओळीतून पळणारे, "घ्या हो, घ्या" म्हणणारे, मला त्यांचा फार हेवा वाटायचा. जेवायला मिळत नाही याचं दुःख भूक शमली की विसरायचो. आपल्या हातचं कुणी घेणार नाही, याचं दुःख मात्र गेलं नाही. इथेसुद्धा नाही. मराठी मंडळाच्या पिकनिकला बाकीच्यांकडून पुरणपोळ्या, मसालेभात यायचा. मी वीस वर्षं कागदी प्लेटा नेल्या. यमुनेच्या हाताला एवढी चव, पण तिचा डबा कुणी उघडलाच नाही तर, या धसक्याने मी तिला कधी काही करू दिलं नाही. ती बिचारी विचारायची, यंदा तरी वडे करू का?

म्हणून सोमवारी पळी धरली. फोडणी तू दिलीस, पण मसूर मी निवडले, मी धुतले, मी शिजवले, मीठ मी घातलं. मोराग पहिली आली. मी वाढलं. तिने तिथेच उभ्या उभ्या घोट घेतला आणि काहीतरी म्हणाली, जे मला अर्थातच ऐकू आलं नाही, पण वाटी तिने पुन्हा पुढे केली. तुझा तो पेशंट, मग ती कोबीवाली आजीबाई, मग कुणाकुणाची पोरं. टॅम तीनदा आला. तिसऱ्यांदा मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं, तर त्यानेही वटारले.

हात दुखला. अजून दुखतोय. पण मी पळी कुणाला दिली नाही. अठ्ठ्याण्णव माणसं झाली, सुहास मोजत होता. शेवटी मी स्वतःची वाटी घेतली आणि पातेल्यात पळी घातली, तर नुसता खडखडाट. तुला वाटलं म्हाताऱ्याची पंचाईत झाली, तू धावत ब्रेड आणायला गेलीस. मी तिथेच पातेल्यापाशी उभा राहून आत बघत होतो.

धम्मशीला, माझ्या हातचं सगळं संपलं होतं.

तुझा
दादासाहेब काका